बाई वेशीच्या आत

२ डिसेंबर, सोमवार

आज देवळात कौल झाला. रवळनाथाच्या अंगावर पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली, म्हणजे देव हो म्हणाला. गावपळण पुढच्या बुधवारी, अकरा तारखेला.

तीन रात्री गाव रिकामं ठेवायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळ्यांनी वेशीबाहेर, व्हाळाचा ओढा ओलांडून माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. चौथ्या सकाळी देवाने पुन्हा कौल दिला की परतायचं. तीन-चार वर्षांनी एकदा हे होतं. का होतं ते कुणी विचारत नाही, मीही नाही. देवाला आपलं गाव कधीतरी स्वतःपुरतं हवं असेल, एवढंच मनात येतं.

निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालणं हे आमच्या घराण्याकडे आहे. आजोबा घालत, मग बाबा, आता मी. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं. प्रत्येक ओळीला सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो, तेव्हा ती ओळ देवाकडे पोचली असं मानतात.

घरी येऊन बायकोला, सुगंधाला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "नी बाईंका नेवचा कसा?"

इतका वेळ देवळात उभा होतो, पण खाटेवरून न हलणाऱ्या आमच्या बाईंना न्यायचं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

३ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी बाईंकडे जाऊन आलो. शाळेमागच्या खळग्यात त्यांच्या दोन खोल्या. नवरात्रात विहिरीच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. छाती कमजोर, म्हणून मालवणच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली नाही. घरी न्या, पाठीवर निजवून ठेवा, म्हणाले. तेव्हापासून सुगंधा दोन्ही वेळा जाते. बाईंना जवळचं कुणी नाही. आम्हीच.

सुशीलाबाई मी तिसरीत असताना घाटावरून, कागलकडच्या एका खेड्यातून इथे बदलून आल्या. पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून नाव विचारलं. माझी पाळी आली. म... म... म... आणि पुढे काही नाही. लहानपणी मी असाच अडायचो, आणि नेमका स्वतःच्या नावावर सर्वांत जास्त. बाबली मागच्या बाकावरून ओरडला, "बाई, तेचा नाव म्हस." वर्ग हसून लोटपोट. बाईंनी बाबलीला काही केलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "महादेव असणार. मला वेळ आहे."

मग एका जत्रेला त्यांनी आजोबांचं गाऱ्हाणं ऐकलं असावं. त्या आठवड्यात मला पुस्तक देऊन वर्गापुढे उभं केलं. म्हणाल्या, "महादेव एक वाक्य वाचेल. वाक्य पुरं झालं की सगळ्यांनी काय म्हणायचं?"

"व्हय महाराजा," बाबली म्हणाला. त्याला ती चेष्टा वाटली.

गाय गवत खाते. व्हय महाराजा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. व्हय महाराजा. हेडगुरुजी काय झालं म्हणून धावत आले होते. पण मी अडलो तरी हसायला कुणी मोकळं नसायचं, सगळे आपल्या पाळीसाठी तोंड उघडून थांबलेले असायचे. आणि त्यांचा आवाज आला की मला श्वास घ्यायला सवड मिळायची. वर्षभर असं चाललं. कधी बरा झालो ते मलाही कळलं नाही.

बाईंचा एकच नियम होता. "शब्दाला धक्का मारू नकोस. जे वाचायचं ते आधी डोळ्यांसमोर आण. ते दिसलं की शब्द आपोआप येतो."

आज त्यांना पळणीचं सांगितलं. हसल्या. "मागच्या खेपेला तुझ्या वर्गातल्या तुळसाच्या खोपीत होते मी. काय भात घातला होता तिने. मला आवडतं रे ते." मग म्हणाल्या, "पण या खेपेला मला उचलायचा विचार करू नका."

५ डिसेंबर, गुरुवार

हरिश्चंद्रदादा सकाळीच आला. माझा चुलत भाऊ, गावचा मुख्य मानकरी. ओट्यावर बसून त्याने तंबाखू मळली आणि मुद्द्यावर आला.

"म्हातारेची सोय काय केलंस?"

"हलवता येत नाय, दादा."

"खुर्चीक बांधूया. चौघे जण उकलतले. तुझ्या बापाशीक नाय नेलो?"

बाबांना नेलं होतं. मागच्याच पळणीत, खुर्चीला बांधून. दुसऱ्या रात्री ते माळावर, खोपीत गेले. वेशीबाहेर गेले, रीत पाळून गेले. बाबांना नेलं ते बरोबरच झालं.

दादा वाईट माणूस नाही. त्याला भीती वाटते. एका पळणीला कुणीतरी माडीवर लपून राहिला आणि त्या वर्षी गावात पटापट गुरं मेली, हे त्याने आपल्या वडिलांकडून ऐकलं आहे. "माझ्या एकट्याचा असता तर मी कायव बोललंय नसतंय," तो म्हणाला. "चारशे माणसांचा आसा."

 सुगंधाने चहा आणून ठेवला तो आदळूनच.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाबलीच्या रिक्षाने मालवणला जाऊन डॉक्टरांना भेटलो. रुग्णवाहिकेतून हळू नेलं तर, असं विचारलं. ते म्हणाले, तुमच्या खळग्यातून रस्त्यापर्यंत तरी हातांवरच आणावं लागेल ना? तेवढ्यात जे दुखेल ते ही छाती सोसेल याची मी खात्री देणार नाही. वर म्हणाले, नेणार असाल तर आधी त्यांचा निरोप घ्या.

  देवबागच्या पर्यटकांना सोडताना बाबली रिक्षात अखंड गजाली करतो, आज परतताना नुसती रिक्षा हाकत होता. शाळेच्या वळणावर म्हणाला, "म्हशी, काय करतलस रे?" चाळीस वर्षं मला तो हेच म्हणतो.

मी म्हटलं, देव वाट दाखवेल.

"देव दाखयत. पण बोलूचा तुका आसा," तो म्हणाला.

तेच मला छळतं आहे. गाऱ्हाण्यात एक ठरलेली ओळ आहे. 'मागे माणूस नाय, चूल नाय, दिवो नाय, गाव तुझ्या हवाली.' ती देवासमोर उभं राहून मीच म्हणायची.

७ डिसेंबर, शनिवार

वाट निघाली. आज छातीवरचं ओझं उतरलं.

दादाने देवळाच्या पायरीवर बोलावून घेतलं. तिथे आणखी दोन मानकरी होते.

"महादू, म्हातारी खंयची?"

"आमच्या गावची."

"तसा नाय रे. मूळची."

"घाटावरची."

"तिचो कुळाचार हय आसा? शेत आसा? देवळात मान आसा?"

"नाय."

"मगे झाला तर. गाऱ्हाण्यातलो माणूस म्हणजे गावचो माणूस. ती रवली तरी गावचा कोण रवला नाय. तू नेहमीसारखा गाऱ्हाणा घाल. खोटा खंय बोलतस?"

तिघांनीही माना डोलावल्या. बाईंजवळ राहायला मालवणहून एक बाई पगारावर आणायची, तीही गावची नाही. सगळं बसलं. देवाला दोष लागत नाही, गावाला लागत नाही, बाई हलत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही याचं आश्चर्य वाटलं. दादाचे पाय धरावेसे वाटले.

८ डिसेंबर, रविवार

बाईंना आनंदाने सांगायला गेलो. सुगंधा त्यांना पेज भरवत होती. मी म्हटलं, बाई, काळजी मिटली. तुम्ही मूळच्या गावच्या नाही, त्यामुळे तुम्हाला रीत लागूच होत नाही. खुशाल घरात राहा.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "असं कोण म्हणालं?"

"हरिश्चंद्रदादा. मलाही पटलं."

"बरं," त्या म्हणाल्या. मग तोंड भिंतीकडे करून घेतलं, उजेड डोळ्यांवर येतो म्हणाल्या. खरं तर दिवेलागण झाली होती, उजेड फारसा नव्हता. पेजही अर्धीच राहिली. दुखणं वाढलं असावं. मालवणच्या बाईला गोळ्यांच्या वेळा नीट समजावून द्यायला हव्यात.

घरी येताना सुगंधा झपझप पुढे चालत होती. अंगणात आल्यावर म्हणाली, "बाईंका तुमी काय सांगितल्यात ता तुमका तरी कळला?"

"त्यांना रीत लागू नाही, ते सांगितलं."

"व्हय. ताच सांगितल्यात." आणि ती म्हशीचं दूध काढायला गेली.

बायका कशावरून रागावतात ते पन्नाशीला आलो तरी समजत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आज बाईंनी स्वतःहून बोलावलं. "परवा म्हणायचं आहे ना? म्हणून दाखव."

खाटेजवळ उभा राहून म्हटलं. कुठेही अडलो नाही. 'मागे माणूस नाय, चूल नाय, दिवो नाय' हे तर एका दमात. माझंच मला बरं वाटलं. शब्द संपल्यावर बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आवाज चांगला लागलाय."

मी हसलो.

"ती ओळ म्हणताना डोळ्यांसमोर काय आणलंस?"

मला आठवेना. काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, "देऊळ."

"हं," बाई म्हणाल्या.

निघताना मी पाया पडलो. त्यांनी नेहमीसारखा हात डोक्यावर ठेवला. हलका, पानासारखा.

१० डिसेंबर, मंगळवार

दिवसभर गडबड. मुंबईचे चाकरमानी आले आहेत, गाव भरलं आहे. दादाचा सर्वेश तारकर्लीला पर्यटकांना बोटीतून फिरवतो. त्याने माळावर स्पीकर लावला आहे. म्हणाला, "काका, ह्या टायमाक गाऱ्हाणा माइकवर घाला, व्हाळापलीकडे ऐकाक येतला." मी नको म्हटलं. देव बहिरा नाही.

सुगंधाने माझं गाठोडं बांधलं. एक वाकळ, एक ताट, एक तांब्या. तुझं कुठे, विचारलं तर म्हणाली तुळसावैनीकडे दिलंय, तिच्या खोपीत बायका एकत्र निजणार. म्हैसही तुळसाच नेणार, तिच्या म्हशीबरोबर हिला सोबत होते म्हणे. दुपारी सुगंधा दोन भारे लाकडं बाईंच्या घरी टाकून आली. मालवणच्या बाईला गॅस पुरेल, मी म्हटलं. टाकी संपत आली आहे, म्हणाली. मालवणला फोनही तिनेच केला. ती बाई सकाळी परस्पर बाईंकडे पोचणार आहे.

आज फार शांत होती. दोन महिने बाईंची सेवा केली, तीन दिवस दुसऱ्याच्या हाती द्यायचं जड जात असणार. मी समजूत घातली की देव बघून घेईल.

"व्हय," ती म्हणाली. "देवाक कोणाचेतरी हात लागतत."

११ डिसेंबर, बुधवार (माळावर, खोपीत)

 आज लिहिलं नाही तर उद्या खरं काय आणि मागाहून सुचलेलं काय ते कळणार नाही.

दुपारी घराघरातले मेन स्विच पडले, चुली विझल्या. "तुमी फुडे जावा, मी बाईंका पाजून येतंय," सुगंधा म्हणाली. मी देवळात गेलो. आत पुरुष, सभामंडपात आणि बाहेर चिंचेखाली बायका, पोरं, गुरं, टोपल्यांतल्या कोंबड्या. ढोल थांबला. दादाने खूण केली.

मी हात जोडून सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, आज तुझी रयत तुझ्या पायाकडे इली आसा."

"व्हय महाराजा."

"पोराटोरांसकट, गुराढोरांसकट वेशीभायर जाता हा."

"व्हय महाराजा."

गावाचा आवाज पाठीवर आला की अंगात बळ येतं, ते आजही आलं. पुढची ओळ ती. मी श्वास घेतला आणि सवयीने वळून बायकांत सुगंधाला पाहिलं. ती नव्हती. तुळसावैनी होती, तिच्या हातात दोन दावी होती, एक आमच्या म्हशीचं. माझी नजर जाताच तिने मान खाली घातली.

मालवणची बाई आलीच नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

"म..."

पुढे शब्द नाही. "म... म..." जीभ टाळ्याला चिकटली. चाळीस वर्षांनी तेच, तसंच. कुणा चाकरमान्याचं पोर फिसकन हसलं. दादा कानाशी कुजबुजला, "म्हण रे, काय झाला तुका?"

धक्का मारू नकोस. जे म्हणायचं ते आधी डोळ्यांसमोर आण.

मी आणू लागलो. मागे माणूस नाही. तर बाईंची खाट दिसली. चूल नाही. सुगंधा वाकून चुलीत फुंकर घालताना दिसली. दिवा नाही. त्यांच्या खोलीतली समई दिसली, बाईंच्या भिंतीकडे केलेल्या तोंडावर तिचा उजेड. रविवारी त्यांनी तोंड का फिरवलं ते मला तिथे, देवासमोर, इतक्या माणसांत कळलं. मी त्यांना सांगून आलो होतो की तुम्ही माणसांत धरल्या जात नाही. आनंदाने सांगून आलो होतो.

देवाकडे पाहिलं. समईच्या उजेडात त्याचे डोळे नेहमीसारखेच होते.

"मागे," मी म्हटलं, आणि शब्द आला. "मागे माझी बाई आसत. ह्या गावाक जेनी वाचूक शिकवल्यानी, ती. त्या गावच्यो आसत. तेंका हलवक येना नाय, म्हणान आम्ही तेंका आत ठेवला. तेंच्या उशाक माझी बायल आसा. चूल पेटती आसा, दिवो पेटतो आसा. चूक असात तर ती गावाची नाय, माझी. माझ्या घरादारार घाल. पण तेंका आपली म्हण, देवा, नी संभाळ."

मी थांबलो. 'व्हय महाराजा' आलं नाही.

 बाहेर कोंबडीने पंख झाडले तेवढं ऐकू आलं. ओळीला होकार आला नाही तर गाऱ्हाणं तिथेच तुटतं. गाव बाहेर पडू शकत नाही, आत राहू शकत नाही. दादाचा चेहरा मला दिसत होता. तो रागावलेला नव्हता, पांढरा पडला होता. माझ्या मनात आलं, चारशे माणसांना मी मधल्यामध्ये लटकवून ठेवलं.

मग मागून, खांबाजवळून, फाटका आवाज आला. "व्हय महाराजा."

बाबली. त्याच्यापाठोपाठ तुळसावैनी, ती आमच्याच वर्गात होती. मग बाळा सुतार. मग दारातून, पायरीवरून, चिंचेखालून, एकेक करून. ज्यांनी बाईंच्या वर्गात कधीतरी, माझ्यासाठी नाहीतर माझ्यानंतर अडणाऱ्या कुणासाठी, तोंड उघडून वाट पाहिली होती ते सगळे. शेवटी तो गावाचाच आवाज झाला. दादाचे ओठ हलले की नाही, मी पाहिलं नाही.

ढोल वाजला. आम्ही निघालो.

१२ डिसेंबर, गुरुवार

माळावर जत्रा आहे. बायका फुगड्या घालतात, पोरं व्हॉलीबॉल खेळतात, दशावताराचीही तयारी चालली आहे. माझ्याशी बरेच जण बोलतात, काही बोलत नाहीत. दादा समोरून गेला, थांबला नाही.

सुगंधाचा फोन लागत नाही. त्या खळग्यात रेंज कधीच नसते. पण माळावरून अख्खं गाव दिसतं. सकाळी झाडांतून एकच धूर वर आला, शाळेमागून. बाळाने मला हात धरून दाखवला. बाबली म्हणाला, "बघ, बाईंनी हजेरी घेतल्यानी."

चहा प्यालो. काल सकाळपासून पहिल्यांदा चव लागली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज धूर नाही.

उजाडल्यापासून बघतो आहे. ऊन वर आलं तरी झाडांवर काही नाही.  माळावरचे सगळे तिकडेच बघतात. सर्वेशने स्पीकर बंद केला.

मी व्हाळात उतरलो. पाणी घोट्यापर्यंत, पलीकडचा काठ म्हणजे गाव. पलीकडे पाऊल पडलं की पळण मोडली. या पलीकडच्या वाटेने बाबांची खुर्ची आणली होती. बाबांना नेलं ते बरोबरच झालं असं मी नेहमी लिहीत आलो. आज पाण्यात उभा असताना मला ते म्हणता आलं नाही.

दादा मागून आला. वाटलं दंड धरेल. तो काठावर बसला आणि चपला काढून पाय पाण्यात सोडले.

"गेलंस तर कौल मिळाचो नाय," तो म्हणाला.

"माहीत आसा."

"मी तुका धरूचंय नाय. माझो आता जोर नाय."

 पाण्यात पाय हलवत तो म्हणाला, "माझ्या आवशीक सही तिनाच शिकवल्यान. मरापर्यंत आवस अंगठो लावूक तयार झाली नाय." तेवढंच. मी एक पाय उचलला होता. तेव्हा झाडांतून धूर निघाला. काळा, ओल्या लाकडाचा, पण वाढत गेला.

दादाने चपला घातल्या. "चाय उशिरा केल्यानी आज," म्हणाला आणि गेला.

मी वाळूत बसलो आणि रवळनाथाचं नाव घेत राहिलो. 

१४ डिसेंबर, शनिवार

व्हाळाकाठी वेशीच्या पाषाणावर पाकळ्या लावल्या, पहिल्या खेपेला कौल डावा आला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पुन्हा लावल्या, बराच वेळ दोन्ही चिकटून राहिल्या, मग उजवी पडली. गाव परतलं.

मी घरी न जाता सरळ शाळेमागे गेलो. सुगंधा दारात पातेली घासत होती. डोळे सुजलेले.

"काल धूर का नव्हता?"

"रातभर बाई झोपाक तयार नाय. माझ्याकडसून पाढे म्हणान घेतल्यानी, सतराचो चुकलो तो चार येळा. मगे माका डोळो लागलो." तिने वर पाहिलं. "तुमका घोर लागलो?"

 मी पातेली उचलून आत नेली. एवढ्या वर्षांत ती मी पहिल्यांदाच नेली असावीत, कारण सुगंधा बघतच राहिली.

बाई झोपल्या होत्या. श्वास वरवरचा, पण चालू. जागं केलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

काल देवळात बैठक झाली. ठरलं की पुढच्या पळणीपासून गाऱ्हाणं सर्वेशने घालायचं. कुणी मोठ्याने बोललं नाही. दादाने खाली बघून सांगितलं, "तुझो दोष कोण काढणा नाय, महादू. पण ठरलेली ओळ मोडली. गावाक ठरलेली ओळ लागता." मी बरं म्हटलं. तीन पिढ्यांचा मान. देवळातून घरापर्यंत वाट लांब वाटली. पण दादाचं चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही.

आज बाईंना सगळं सांगितलं. मान गेला तेही. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. एक वाक्य बोलायला त्यांना आता दोनदा श्वास घ्यावा लागतो.

"सर्वेश कसा म्हणतो?"

"आवाज आहे. घाई करतो. ओळ तोडत नाही."

"माझ्याकडे नव्हता तो." बाई आठवत होत्या. "मी निवृत्त झाले तेव्हा बालवाडीत असेल. पाठव त्याला. माइक घरी ठेवून ये म्हणावं."

सुगंधा चुलीपाशी हसली. मलाही हसू आलं. मला त्यांची क्षमा मागायची होती, रविवारच्या बोलण्याची. पण तोंड उघडलं तर बाईंनी हात जरासा उचलला, वर्गात गप्प करायला उचलत तसा.

"ते नको. तिथे काय म्हणालास ते म्हण. सुगंधाला कुणीतरी सांगितलं, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. उभा राहून म्हण."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. हात जोडले. बा देवा रवळनाथा, इथपासून सुरू केलं. ती ओळ आली.

"मागे माझी बाई आसत," मी म्हटलं. "त्या गावच्यो आसत."

आणि सवयीने थांबलो. खोलीत आम्ही तिघंच. होकार द्यायला गाव नव्हतं. मी पुढची ओळ घेणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. एकेचाळीस वर्षांत बाईंनी आमच्या बोलीतला एक शब्द कधी उच्चारला नव्हता. गाव त्यांच्याशी मालवणीत बोलायचं, त्या घाटावरचंच बोलायच्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. श्वास घेतला. "महाराजा."